खाडीतली बाई

पडद्यावर तो फोटो आला तेव्हा उन्नती बोलायची थांबली.

भिवंडीतलं ते सभागृह भरलेलं होतं. प्रदर्शन जुन्या डिजिटल फोटोंचं होतं. गोदामं यायच्या आधीची काल्हेर, अंजूर ही गावं आणि खाडीकाठ. लोकांच्या कपाटांत पडलेल्या कॅमेऱ्यांतून, बंद पडलेल्या मोबाइलमधून उन्नतीने ते फोटो वर्षभर गोळा केले होते. "आमचं खळं बघ!" मघाशीच मागून कुणी म्हणालं होतं, आणि सगळे हसले होते.

"हा मात्र मी स्वतः काढलेला," उन्नती म्हणाली.

फोटोत चिखलाने माखलेली एक बाई हसत होती. उन्हाने रापलेला चेहरा, वय सांगता येऊ नये असा.

"मी कॉलेजात होते. मामाचा नवा डिजिटल कॅमेरा घेऊन अंजूरच्या खाडीत उतरले. ओहोटी होती. बगळ्यांच्या मागे जाता जाता कमरेपर्यंत रुतले, आणि भरती सुरू झाली. कॅमेरा तेवढा डोक्यावर धरलेला."

पुन्हा थोडं हसू.

"ओरडून घसा बसला. तेवढ्यात ही बाई आली. चिखलात आडवी झाली आणि दंडाला धरून मला ओढून काढलं. आधी शिव्या दिल्या. मग घरी नेलं, ऊन पाणी दिलं, भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. निघताना मी हा फोटो काढला, तिच्या अंगावरचा चिखल तसाच होता. नाव विचारायचं राहिलं. पुढे नोकरीच्या गावाहून परतले तेव्हा तिथे घर नव्हतं, गोदाम होतं. हे प्रदर्शन भिवंडीतच भरवायचा हट्ट धरला तो हिच्यासाठी. कुणीतरी ओळखेल म्हणून."

पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठली. तिची नात करिष्मा तिला घेऊन आली होती. "आजी मध्येच उठली तर राग मानू नका हं," असं तिने उन्नतीला आधीच सांगून ठेवलं होतं.

म्हातारी पडद्याजवळ गेली.

"ही माझी आय हाय," ती म्हणाली.

करिष्माने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग पुढे होऊन तिने नुसताच आजीच्या पाठीवर हात ठेवला.

उन्नती मंचावरून खाली उतरली. "आजी, नाव काय तुमचं?"

"राहीबाई."

"आणि आई?"

"गेली ती. लय दिस झालं." राहीबाईची नजर फोटोवरून हलेना. "दिस उगवाच्या आधी खाडीला जायाची. आमाला भाकर झाकून ठेवायची. आली की पायरीवर पाय धुवायची, तवर कुनाशी बोलायची न्हाय. मी वाट बघत बसायची." तिने उन्नतीचा हात धरला. "तू भेटलीस तिला? माझं काय बोल्ली का ती?"

उन्नतीला त्या दुपारचं फारसं काही आठवत नव्हतं. शिव्या आठवत होत्या, चटणीचा वास आठवत होता.

"बोलली ना," ती म्हणाली. "म्हणाली, माझी राही लय गुणाची हाय."

राहीबाईचा चेहरा उजळला. मागच्या रांगांत कुणीतरी डोळे पुसले.

"मला त्यांच्या पाया पडायचं होतं, आजी. उशीर झाला." उन्नती वाकली. "आता त्यांच्या जागी तुम्हीच." तिने राहीबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. मग त्या फोटोची फ्रेम भिंतीवरून काढून तिच्या हातात दिली. राहीबाईने ती पदराखाली धरली, लेकराला धरावं तशी.

भाषण तिथेच संपलं. उन्नती त्या दोघींना रिक्षापर्यंत सोडायला गेली. मनातून काहीतरी सुटल्यासारखं वाटत होतं, आणि रडूही येत होतं. थोडं आधी शोधलं असतं तर!

रिक्षा सुरू झाली, थोडी पुढे जाऊन थांबली. करिष्मा उतरून धावत परत आली.

"ताई, तिच्यासमोर बोलता येईना. चिडते ती, मग दोन दोन दिवस जेवत नाही." तिला धाप लागली होती. "पणजी तर आजीच्या लग्नाआधीच गेली. घरी आरशात बघितलं तरी आजी हेच म्हणते, 'ही माझी आय हाय.'"