डाव्या अंगाचा उजेड

महिन्यापूर्वी अपघातात गेलेल्या वर्षाराणीनं प्रयोगशाळेत घडवलेला, उजेड देणारा इवलासा डायोड घेऊन तिची मैत्रीण लिंबागणेश गावी तिच्या घरी आली. अंगणात पाटावर ठेवून तिनं तो बॅटरीला जोडला. वर्षाराणीची आई केसरबाई वाकून बघत राहिल्या. "पेटला कुठं गं?" "पेटलाय, मावशी. हा उजेड डोळ्यांना दिसत नाही. यात सगळे इलेक्ट्रॉन एकाच दिशेनं गिरकी घेत शिरतात, म्हणून उजेडही गिरकी घेतच बाहेर पडतो." केसरबाईंना लेकीचं फोनवरचं हसणं आठवलं, "तुझ्या प्रदक्षिणेवानी हाय, आई!" त्यांनी विचारलं, "कोन्या अंगानं फिरतोय?" "उलटा, मावशी. डावीकडं." केसरबाई थबकल्या. तुळशीला रोज अकरा प्रदक्षिणा, पण पाऊल कधी उलटं पडलं नव्हतं. उलटा फेरा फक्त सरणाभोवती घालतात, आणि स्मशानात बायांना कोणी नेत नाही. पदर सावरून त्या डावीकडून पाटाभोवती निघाल्या. "तुझा तेवढा फेरा ऱ्हायला होता गं, माय."