अकरा मिनिटं बाकी

या पैजेत नीलकंठला मिळण्यासारखं होतं ते एवढंच: पाव किलो खोव्याची जिलबी, आणि गुलाबरावाच्या तोंडून ‘तुझंच खरं निघालं बावा’ एवढे शब्द. जिलबीचं काय, कोपऱ्यावरच्या हलवायाकडे कोणालाही मिळते. शब्दांचं तसं नव्हतं. रिछाईच्या कारखान्यात दोघं तीस वर्षं एकाच मशीनवर होते. एक पाळीवरून उतरला की दुसरा चढायचा. मधल्या दहा मिनिटांत रोज वाद व्हायचा, आणि त्यात गुलाबराव एकदाही हरला नव्हता. निदान कबूल तरी केलं नव्हतं.

म्हणून दीड महिन्याच्या खंडानंतर नीलकंठ संध्याकाळी पाचला, नेहमीच्याच वेळी, दारात येऊन उभा राहिला आणि त्याच्या हातात तुपानं डागळलेला पुडा दिसला, तेव्हा गुलाबरावाच्या बायकोनं, कलावतीनं, आधी पुड्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“गुलाब जिंकला, वहिनी,” तो म्हणाला. “काल पोराच्या घरी शेवट पाहून घेतला. पैज म्हणजे पैज.”

पैज होती त्या जपानी मालिकेवरची. गुलाबरावाच्या लेकीनं, शकूनं, सासरी जाताना टीव्हीवर लावून दिलेली. तिला ॲनिमे म्हणतात असं ती दहादा सांगून गेली, पण दोघं म्हातारे कार्टूनच म्हणत. कार्टून असलं तरी लहान पोरासमोर लावू नये असं. एक सामुराई आपल्या गुरूच्या मारेकऱ्याला शोधत चोवीस भाग हिंडतो, आणि वाटेत येईल त्याला कापतो. हिंदीत बोलतो, एवढंच घरचं.

गुलाबरावाचं मत पहिल्या भागापासून ठाम. वैरी समोर आला की हा वार करणार नाही, तलवार ठेवून देईल. नीलकंठ म्हणे, ठेवायचीच होती तर चोवीस भाग वागवली काहून? वर टोमणा, की तुमचा बुद्ध तिथं वळणावळणावर बसून आहे, अन् त्याच्याच समोर हे मुंडकी उडवून राहिले. गुलाबराव म्हणे, बसला आहे म्हणून तर ठेवील. धीर धर.

कलावतीचं मत कोणी विचारलं नव्हतं. तिचं पाहणं कानांनी. रक्त तिला बघवत नसे, म्हणून ती चहा उकळत ठेवून स्वयंपाकघरात थांबायची. आरडाओरडा संपून कापडाचा सर्र आवाज आला की गडी तलवारीचं रक्त पुसतोय असं समजायचं, आणि मग कप घेऊन बाहेर यायचं. कधी तो नुसता धमकावून तलवार परत ठेवायचा. तेव्हा सर्र नाही, फक्त म्यानाचं खट्ट. तेवढी मालिका तिला पाठ होती.

शेवटच्या भागाची अकरा मिनिटं उरली असताना लाइट गेली. तासभर वाट पाहून गुलाबराव म्हणाला, उद्या पाहू. सकाळी तो उठलाच नाही.

टीव्ही लावला की अजून त्याच मालिकेचं चित्र पहिलं येई. खाली लाल रेघ, टोकाला बोटभर कमी. शेवटपर्यंत पाहिलं की चित्र तिथून जातं, असं शकूनं फोनवर सांगितलं होतं. कलावती रोज पाचला टीव्ही लावायची, रेघ बघायची आणि बंद करायची.

तिनं पुडा सोडला. पहिली जिलबी गुलाबरावाच्या फोटोपुढे ठेवली आणि चहा गाळायला घेतला.

“म्हणजे ठेवली त्यानं तलवार?”

“ठेवली ना.” नीलकंठ फोटोकडे बघूनच सांगत होता. “बुद्धासमोरच. बर्फ पडून राहिला होता. वैरी म्हातारा झालेला, गुडघ्यावर बसलेला. हा त्याच्यासमोर उभा. मग काय, तलवार पुसली, म्यानात घातली अन् चालता झाला.”

‘पुसली’ या शब्दावर गाळणी हवेत थांबली. मग चहा पुन्हा कपात पडू लागला.

नीलकंठचं चालूच होतं. गुलाबला माणसाची पारख कशी होती, आपण कसे अडाणी, तीस वर्षं उगाच वाद घातला. कॅरममध्ये हरला तरी बोर्डच वाकडा म्हणणारा नीलकंठ हे बोलत होता. कलावतीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, शेवट लावू का.

“नको, नको,” तो घाईनं म्हणाला. “राहू द्या तसंच.”

तिनं पुड्यातल्या दोन जिलब्या बशीत घातल्या आणि बशी त्याच्यापुढे सरकवली. आपण आणलेली आपल्यालाच काहून, असं तो म्हणाला.

“ही यांच्याकडून आहे, भाऊजी,” कलावती म्हणाली. “हे तर काही हार कबूल करायचे नाहीत. म्हणून मी देते.”

नीलकंठनं मान खाली घालून दोन्ही जिलब्या खाल्ल्या, खिशातून रुमाल काढला, बोटं पुसली. बोटं पुसून झाली तरी रुमाल बराच वेळ खिशात गेला नाही.

तर एकूण हिशेब असा. पैज जिंकली नीलकंठनं, पैसे गेले नीलकंठचे. हरला गुलाबराव, आणि पहिली जिलबी त्याच्यापुढे. राहिली अकरा मिनिटं. ती कलावतीनं मोडली नाहीत.