ताणावरचा मोगरा

जमुनानं चौथी घागर मोगऱ्याच्या बुडाशी रिकामी केली, तेवढ्यात तिचा नवरा पुंजाराम बाजारातून आला आणि आळ्यात पाणी पाहून जागच्या जागी थबकला.

"काय करून राहिली व हे? ताणावर हायेत ना झाडं!"

माळ्याच्या घरातलं शेंबडं पोरही पौषात मोगऱ्याला पाणी घालत नाही. महिनाभर पाणी तोडायचं, पानं झडू द्यायची, मग छाटणी करून पाणी सोडायचं. तेव्हा कुठे चैत्रात कळ्या धरतात. मधेच पाणी दिलं की झालं, नुसता पाला. आणि जमुना तर हिवरखेडच्या माळ्याची लेक!

पण हा मोगरा लावला होता तोच मुळी तिच्यासाठी. दीड वर्षामागे हैज्यानं, पटकीच्या त्या साथीनं, त्यांची सात वर्षांची पोर वच्छला नेली आणि जमुनाची वाचाच बसली. खाणं नाही, रडणंही नाही. शेजारची तानुबाई पुंजारामला म्हणाली, "तिचे हात मातीत घाल. दुसरा उपाव नाई." मग त्यानं अमरावतीच्या कॅम्पातल्या साहेबाच्या माळ्याकडून चाळीस रोपं आणली, घरापुढं खड्डे खणले आणि एकेक रोप तिच्याच हातानं लावून घेतलं. लागू पडलं बरं का ते! आठव्या की नवव्या रोपाला ती म्हणाली, "हे तिरपं झालं." दोन महिन्यांतला पहिला शब्द. त्या दिवशी तिनं अर्धी भाकरही खाल्ली. पुंजाराम न्हाणीत जाऊन ढसाढसा रडला होता.

"बहार जाईन ना सारा," तो आता जरा नरमाईनं म्हणाला.

"जाऊ द्या. पानं पाहा कशी झाली. पानी मांगून राहिले थे."

"झाडंच हायेत थे, जमुने. काई होत नाई त्याइले." त्यानं तिचं मनगट धरलं.

तिनं हात सोडवला नाही. नुसती म्हणाली, "तवाबी असाच धरला व्हता तुमी."

पुंजारामनं मनगट सोडलं. वैद्यानं बजावलं होतं, हैज्यात पाण्याचा थेंब देऊ नका. पोर दिवसभर पाणी पाणी करत होती. जमुनानं गडवा उचलला, तेव्हा त्यानंच तिचा हात धरला. गावात सगळ्यांनी तसंच केलं होतं म्हणा. पुढं विहिरीत लाल दवा टाकायला सरकारी डॉक्टर आला, त्यानं ऐकून कपाळाला हात लावला. म्हणाला, अरे, पाणीच द्यायचं होतं, मागेल तितकं! ते पुंजारामनं एकट्यानं ऐकलं आणि आजपर्यंत पोटात ठेवलं.

"खरं सांगा," जमुना म्हणाली, "पानी देलं असतं तं वाचली असती का माही वच्छी?"

नाही म्हणायला काय लागतं? तो शब्द ओठांवर आलाही. पण ती त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती.

"असती," पुंजाराम म्हणाला.

जमुना रडली नाही, ओरडली नाही. तिनं रिकामी घागर त्याच्या हातात दिली आणि कोरड्या आळ्यांकडे बोट दाखवलं.

"मंग या झाडाइले तुमी घाला."