तासाभराची ओवाळणी

उज्ज्वलाने ओवाळलं, पण श्रीकांतने ताटात पाकीट टाकलं नाही. पाटावर बसूनच त्याने दंडाला पट्टा बांधला. त्याच्या जोडीचा पट्टा बहिणीच्या दंडावर होता. तिची नऊ वर्षांची कंबरदुखी आता तासभर त्याच्याकडे जाणार होती. यंदाच्या भाऊबीजेला बरेच भाऊ हीच ओवाळणी देत होते.

"बघूच, किती दुखतं ते," तो हसला. जरा चालत जा, मनावर घेऊ नकोस, हा त्याचा नेहमीचा सल्ला.

बटण दाबलं आणि त्याने पाटाची कड घट्ट धरली. कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलं.

"उज्जे, अगं, हे काय आहे!"

"दात आवळू नकोस, त्याने आणखी वाढतं. भिंतीला टेक." उज्ज्वला कशाचाही आधार न घेता उठली. "मी तळ्यापर्यंत सायकलवर जाऊन येते. सोसवलं नाही तर पट्टा काढ, माझं मला कळेल."

त्याचा हात बकलावर गेलाच होता.

"रोज एवढं असतं?"

"नाही रे दादा. आज दिवस बरा आहे, म्हणून तर तुला दिलं."

श्रीकांतने बकलावरचा हात काढला.

"जा तू," तो म्हणाला. "आणि सावकाश ये."