भिंतीवरचे चेअरमन

पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीनं मुलांना वारली चित्रं शिकवायला डहाणूहून कस्तुराताईंना बोलावलं. त्या स्वतः वारली. उद्घाटनाला आमचे चेअरमन मालोजीराव, भोसरीचे वर्कशॉपवाले, 'आदिवासी कलेत सगळे समान' यावर दणदणीत बोलले.

संध्याकाळपर्यंत मुलांनी ताईंबरोबर कंपाउंडच्या भिंतीवर अख्खी सोसायटी भाताच्या शेतात राबताना रंगवली. मालोजीरावांनी भिंतीपुढून येरझाऱ्या घातल्या.

"ताई, यात मी कुठला?"

"कुठलाही घ्या, साहेब. आमच्या चित्रात सगळी माणसं सारखीच. सगळ्यांना तांदळाच्या पिठाचा एकच रंग."

"अहो, पण वॉचमन आणि मी सेम टू सेम? चेअरमन लांबून ओळखू यायला पाहिजे!"

ताईंनी मुलांकडे पाहिलं. मग शेताच्या मधोमध, हात पसरून एकटाच उभा, सगळ्यांहून उंच असा एक काढला आणि त्याच्या डोक्यावर चिमणी बसवली. साहेब जाम खूश. व्हॉट्सॲपवर डीपी म्हणून तोच लावलाय.

मुलांनी वॉचमनकाकांसकट सगळ्या सोसायटीला सांगून टाकलंय.



साहेबांना तेवढं कुणी सांगू नका, ते बुजगावणं आहे.