बाबा नेमके कुठे होते

"बाबा, एकदाच काय ते खरं सांगा. तुम्ही खास पथकात आहात, की गोदामात मोजे मोजता?"

प्रश्न मैत्रिणींचा होता, छातीठोकपणा तिचा. मधल्या सुट्टीत त्यांच्यातल्या चष्मिषनं तिला डिवचलं होतं, "अख्ख्या शाळेला सावधान-विश्राम करायला लावतेस, आणि घरी एवढंसं विचारायला तंतरते का गं?" मागच्या वर्षापर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानाही जिचा आवाज ओठांतच अडकायचा, ती यंदा कवायतीची प्रमुख झाली होती. मागे हटणं आता शक्यच नव्हतं.

बाबांनी पाण्याचा पेला उचलला, शांतपणे रिकामा केला आणि खाली ठेवला. त्यांच्या नाकाची साल निघाली होती. दोन नखं काळीनिळी पडली होती.

"आईला विचार," ते म्हणाले आणि पुन्हा जेवू लागले.

समोर टीव्हीवर सैन्याच्या नुकत्याच झालेल्या गुप्त मोहिमेचा खास कार्यक्रम चालू होता. चित्रातलं हेलिकॉप्टर चित्रातल्या डोंगरावर उतरत होतं. चार जाणकार एकाच वेळी बोलत होते आणि एकमेकांना 'मला बोलू द्या' म्हणत होते. खाली पट्टी धावत होती : 'कुणालाही ठाऊक नसलेली माहिती, आता सर्वांसाठी!'

आईला विचार! तिच्या डोक्यात तिडीकच गेली. सगळी आग तर आईनंच लावली होती. आई शिवणकाम करायची. तोंडात टाचण्या धरल्या तरी तिची जीभ थांबायची नाही. गल्लीतलं प्रत्येक गिऱ्हाईक माप देऊन आणि बातमी घेऊन जायचं.

काल त्याच वाहिनीचा वार्ताहर कॅमेरावाल्याला घेऊन गल्लीत आला होता, 'मोहिमेतला शूर वीर' हुडकत. आणि मग काय, गल्लीला बोलायला लावावं लागतं थोडंच? केशकर्तनवाले काका छाती काढून म्हणाले, "पाणबुडीत असतात ते." वाणी ओरडला, "बर्फात असतात, बर्फात! नाक सोललेलं दिसत नाही?" इस्त्रीवाला म्हणाला, "कसलं पथक अन् कसलं काय. गोदामात मोजे मोजतात. बसून बसून वजन वाढलंय म्हणे." केशकर्तनवाले काका वाण्याच्या अंगावर धावून गेले. वाणी म्हणाला, "तुझी पाणबुडी काय रस्त्यानं येते का रे?" अख्खी गल्ली पोट धरधरून हसली. तिघांनीही शपथेवर एकच सांगितलं : "त्यांच्या बायकोनंच सांगितलंय!" शेवटी वार्ताहरानं कपाळाला हात लावला आणि इस्त्रीच्या दुकानापासूनच गाडी वळवली.

आज शाळेत तिचं बारसं झालं होतं. मोजेवाल्याची मुलगी.

"आई, तुझ्या तोंडाला काही कुलूप आहे की नाही?" ती उसळली. "एकाला पाणबुडी, एकाला बर्फ, एकाला मोजे! सगळे दात काढतात आपल्यावर!"

"हसतात ना?"

"हसतात म्हणजे? लोळतात!"

"आणि तो कॅमेरा? आपल्या दाराशी आला?"

तिनं दाराकडे पाहिलं. आला नव्हता. कॅमेरा इस्त्रीच्या दुकानापाशी होता, तेव्हा दोन दारं सोडून, ओढलेल्या पडद्यामागे, बाबा याच खोलीत जमिनीवर मेल्यासारखे झोपले होते.

आईनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या. मांडीवर बाबांची पँट होती. वजन वाढलेल्या बाबांची. आई ती कमरेत चांगली चार बोटं आत घेत होती.

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, बाळा," आई म्हणाली. "एवढा मोठा माणूस मी किती झाकणार? म्हणून गल्लीभर कोंबडी सोडलीत. वेळी-अवेळी सगळीच आरवतात. त्यातली खरी पहाट कुठली, ते शोधा म्हणावं."

"पण मग खरं काय? तुला तरी सांगतात ना बाबा?"

आईनं दातानं दोरा तोडला.

"मला? छे. ठाऊक असतं तर अशी धडाधडा बोलले असते का मी? कुठंतरी अडखळलेच असते. हे दारात उभे राहतात ना, तेव्हा मला कळतं, आले. बस्स. त्याच्या आधीचं काहीच नाही."

एवढी बडबडी आई, पण हे वाक्य तिनं कधी कुणाला माप घेताना ऐकवलं नव्हतं. टीव्हीवर चौथा जाणकार डोंगरावर लाल बाण काढत होता. बाबांनी हात पुढे करून आवाज बंद केला.

"पुढच्या वेळी पाणबुडी नको गं," ते आईला म्हणाले. "मला साध्या होडीतसुद्धा मळमळतं."

आई खुदकन हसली. तीही हसली, आणि हसता हसता थांबली. पुढच्या वेळी. कधी, कुठे, किती दिवस, सगळं तिच्या जिभेच्या टोकावर आलं. मैत्रिणींनी न डिवचताही आलं. तिनं ते सगळं गिळलं.

उद्या चष्मिष फाटकातच अडवणार होती. तिच्यामागे बाकीच्या सगळ्या. हसतील? हसोत.

ती खुर्ची मागे सारून उठली, ताठ उभी राहिली.

"आई, गल्लीतली कोंबडी तूच बघ," ती म्हणाली. "उद्यापासून शाळा माझ्याकडे."