हजारावं नाव

रेवाच्या आजारावरचं औषध संगणकाने सहा महिन्यांपूर्वी अर्ध्या तासात शोधलं होतं. पण हजार रुग्णांची नोंद झाल्याशिवाय कंपनी ते बनवणार नव्हती. त्याहून कमी रुग्णांत नफा नव्हता. इंदू घोरमाडे पाच वर्षांच्या रेवाला घेऊन रोज भंडाऱ्याच्या दवाखान्यात यायची आणि भिंतीवरचा आकडा बघायची. आज तो नऊशे नव्याण्णव होता.

दुपारी गोंदियाहून एक बाई आली. तिच्या कडेवरच्या मुलाची मान रेवासारखीच लुळी पडली होती. इंदूचा चेहरा एकदम उजळला, आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली. तरी तिनेच धावत जाऊन त्या बाईचा फॉर्म भरून दिला.

"माझं लेकरू बरं होईल ना हो?" बाईने विचारलं.

"होईल. तुमच्यामुळे आता माझंही होईल."

आकडा मात्र हलला नाही. इंदू तरातरा खिडकीशी गेली.

"नाव चढवलं, ताई," कारकून मान खाली घालून म्हणाला. "पण आत्ताच अकोल्याचं एक पोरगं गेलं. त्याचं नाव उतरलं."

"मग आता काय करायचं?" गोंदियाच्या बाईने घाबरून विचारलं.

"वाट बघायची," इंदू म्हणाली.

कशाची, ते मात्र तिला सांगवेना.